चार तारांवर उभं राहिलेलं अनंत

तुम्ही तेरच्या कुंभारआळीत उभे आहात. तेरावं शतक संपत आलं आहे. गाव तेव्हाही जुनंच आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी प्रवासवर्णनात त्याची ‘तगर’ म्हणून नोंद झाली. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे. आता तेरणेकाठी वर्दळ आहे ती मातीची. गोरोबाकाकांच्या या गावात चाक फिरतं, ओला गोळा बोटांखालून वर उठतो, आणि बघता बघता मडक्याला गळा येतो.

तुमच्या पिशवीत दोन धातूच्या बांगड्या आहेत, प्रत्येकी सहा सेंटिमीटर व्यासाच्या. थोडी तांब्याची तार आहे, आणि साबणाच्या पाण्याची बाटली, त्यात चमचाभर ग्लिसरीन घातलेलं. चाकाकडे आधी नीट पाहून घ्या. चाकावर घडणारं प्रत्येक भांडं म्हणजे उभ्या अक्षाभोवती फिरलेली एक रेघ. ती रेघ कशी असावी हे कुंभाराचं बोट ठरवतं. आता प्रश्न असा: बोटच नसेल, पृष्ठाला स्वतःचं क्षेत्रफळ शक्य तितकं कमी ठेवायचं असेल, तर ही रेघ कोणता आकार घेईल?

दोन्ही बांगड्या एकमेकींना चिकटवून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि समोरासमोर धरून हळूहळू दूर न्या. मध्ये पडदा ताणला जातो, आणि तो सरळ नळकांड्यासारखा राहत नाही, कमरेत आत जातो. त्याच्या बाजूची रेघ म्हणजे दोन टोकांना सैल टांगलेली साखळी ज्या वक्रात लोंबते तो वक्र. ऑयलरनं हे पृष्ठ १७४४ मध्ये शोधलं. त्याला कॅटेनॉइड म्हणतात. कमरेवर कुठेही बोट ठेवा. आडव्या दिशेनं पडदा एका बाजूला वाकतो, उभ्या दिशेनं नेमका तितकाच उलट बाजूला. दोन्ही वाकणी एकमेकींना फेडतात, बेरीज शून्य. ही बेरीज प्रत्येक बिंदूपाशी शून्य असली की त्या पृष्ठाला गणितात लघुतम पृष्ठ म्हणतात. अक्षाभोवती फिरून तयार होणारी लघुतम पृष्ठं दोनच, सपाट प्रतल आणि हे कॅटेनॉइड. तिसरं नाही.

बांगड्या आणखी दूर न्या. अंतर चार सेंटिमीटरच्या जरा अलीकडे असतानाच पडदा मध्ये मिटतो आणि प्रत्येक बांगडीत एकेक सपाट चकती उरते. ही मर्यादा त्रिज्येच्या १.३२५५ पट आहे. बांगडी मोठी घ्या, लहान घ्या, हे गुणोत्तर हलत नाही.

आता मडक्याकडे परत या, कारण या लेखातली खरी अडचण तिथं आहे. मडक्याला काठ एकच, तोंडाचा. त्या काठावर साबणाचा पडदा धरला तर तो सपाट बसेल. पोट धरणार नाही. लघुतम पृष्ठ आपल्या काठांनी वेढलेल्या भागाच्या बाहेर फुगूच शकत नाही. फुगायचं म्हणजे कुठेतरी सगळ्या दिशांनी एकाच बाजूला वाकायचं, आणि तिथं बेरीज शून्य राहत नाही. कुंभाराला मडक्यात पाणी साठवायचं आहे, म्हणून तो मातीला फुगवतो आणि आव्यात भाजून तो फुगवटा पक्का करतो. तो भाजलेल्या मातीच्या बळावर उभा राहतो, पृष्ठाच्या मर्जीवर नाही.

यातून एक गोष्ट ओघानंच येते. काठ नसलेलं लघुतम पृष्ठ बंदिस्त असू शकत नाही. काठ नको असेल, तर त्याला अनंतापर्यंत जावंच लागतं. मग प्रश्न उरतो तो ते अनंत बांधायचं कसं, आणि तेही पृष्ठानं स्वतःलाच कुठे छेदू नये अशा रीतीनं.

बांगड्या पिशवीत ठेवा. वाटेत क्षणभर नळदुर्गाला थांबू. साल १६१३, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा काळ. मीर मुहम्मद इमादीन यानं बोरी नदीवरचा बंधारा नुकताच पुरा केला आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल बांधला आहे. पावसाळ्यात नर-मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. त्या पाण्याचा पडदा पाहून मोह होतो, पण तो आपला पडदा नाही. तो स्वतःच्या वजनानं खेचला जातो. पृष्ठताण आणि वजन यांच्या झगड्यात पाण्याच्या बाबतीत साधारण २.७ मिलिमीटरपर्यंत ताणाची सरशी असते, त्यापुढे वजनाची. साबणाचा पडदा इतका पातळ असतो की त्याचं वजन हिशेबात धरावंच लागत नाही. म्हणूनच तो या भूमितीचा इतका प्रामाणिक साक्षीदार आहे.

पुढची दोन ठिकाणं धावत पाहू. तुरिन, १७६२: पंचविशीतला लाग्रांज क्षेत्रफळ कमीत कमी असण्याची अट समीकरणात मांडतो, पण उदाहरण म्हणून त्याच्या हातात सपाट प्रतलाखेरीज काही नाही. पॅरिस, १७७६: त्याहूनही तरुण असलेला म्यूनिए दाखवतो की कॅटेनॉइड हे समीकरण पाळतं आणि हेलिकॉइडही पाळतं. मिनाराच्या मध्याभोवती चढत जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या घासून गुळगुळीत केल्या तर जे पृष्ठ होईल ते हेलिकॉइड. त्यात अक्षाला काटकोनात असलेल्या असंख्य सरळ रेषा आहेत. या सरळ रेषा लक्षात ठेवा.

१८३४ मध्ये जर्मन गणिती शेर्क जे पृष्ठ देतो ते मला पहिलं खरं बांधकाम वाटतं. बुद्धिबळाचा पट अनंतापर्यंत पसरलेला आहे अशी कल्पना करा. एका काळ्या घरावर असा पत्रा उभारा की समोरासमोरच्या दोन बाजूंवर तो वर, आभाळात अमर्याद चढेल आणि उरलेल्या दोन बाजूंवर तितकाच खाली उतरेल. घराच्या चार कोपऱ्यांवर चार उभ्या सरळ रेषा तयार होतात. त्यांतल्या एका रेषेभोवती पत्रा अर्धा फेरा फिरवा: तो कोपऱ्यापलीकडच्या काळ्या घरावर जाऊन बसतो आणि पहिल्याला असा जुळतो की जोड दिसत नाही. मग पुढचा कोपरा, पुढचं घर. पांढरी घरं मोकळी राहतात. एका घराचं गणित सोडवलं की अख्खा पट सुटतो.

पण शेर्कचं हे पृष्ठ दोनच दिशांना पुनरावृत्त होतं. पुढे, मागे, वर, खाली, तिन्ही मितींत स्वतःची आवृत्ती करणारं पृष्ठ हवं असेल तर तुम्हाला १८६५ च्या बर्लिनमध्ये यावं लागेल. तिथं बावीस वर्षांचा हेर्मान श्वार्ट्स आहे. तो रसायनशास्त्र शिकायला आला होता. कुमर आणि वायरश्ट्रास या गुरूंनी त्याला गणिताकडे वळवलं. पण तार आणि साबण यांचं वेड त्याच काळात बेल्जियममधल्या घेंटमध्ये पिकलं आहे, त्याचा मान आधी. योसेफ प्लाटो तारांचे सांगाडे ग्लिसरीन मिसळलेल्या साबणाच्या पाण्यात बुडवून पडदे तपासतो आहे. १८४३ पासून त्याला दिसत नाही. पडदे इतरांचे डोळे पाहतात, ते काय पाहतात हे सांगतात, आणि प्रयोग कोणता करायचा, निष्कर्ष काय काढायचा हे तो ठरवतो. १८७३ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. न पाहता पाहिलेल्या भूमितीचं याहून मोठं काम मला माहीत नाही.

आता तार काढा आणि श्वार्ट्सच्या टेबलाशी बसा. सारख्या लांबीच्या सहा कडांचा चतुष्फलक डोळ्यांसमोर आणा, चार त्रिकोणी फलकांचा. तारेचा पूर्ण सांगाडा बुडवला तर सहा पडदे मध्यबिंदूपाशी एकत्र येतात. ते आपल्याला नको. समोरासमोरच्या दोन कडा वगळा. उरलेल्या चार कडा एकमेकींना जोडून बंद वळसा घेतात: चौकोन, पण सपाट नाही, हवेत पिळलेला. प्रत्येक कोपऱ्यात साठ अंश. हा चौकोन बुडवा. एकच पडदा येतो, खोगिराच्या आकाराचा, एका कोपऱ्याकडे चढणारा आणि दुसरीकडे उतरणारा.

श्वार्ट्सचा नियम आता कामाला येतो. लघुतम पृष्ठाच्या काठावर सरळ रेषा असेल, तर त्या रेषेभोवती पृष्ठाचा तुकडा अर्धा फेरा फिरवा. मूळ तुकडा आणि फिरवलेला तुकडा मिळून पुन्हा लघुतम पृष्ठच होतं. जोडावर सुरकुती नाही, कोन नाही. तुमच्या चौकोनाला चार सरळ कडा आहेत. पहिलीभोवती फिरवा. नव्या तुकड्यालाही कडा आहेत, त्यांच्याभोवती फिरवा. एका कोपऱ्याभोवती फिरत गेलात तर साठ अंशांचे बरोबर सहा तुकडे बसतात आणि वर्तुळ पूर्ण होतं. साठाऐवजी सत्तर अंश असते तर सहावा तुकडा पहिल्यावर चढला असता आणि सगळा डोलारा गुंतून पडला असता. साठ म्हणूनच हे जमतं. अनंत बांधताना पहिला कोन चुकून चालत नाही.

काही वेळानं तुम्ही एका अखंड भिंतीच्या मधोमध उभे असता. ती सगळ्या अवकाशाचे दोन भाग करते, दोन भुलभुलय्ये, एकमेकांत पूर्ण गुंतलेले, तरी एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही. प्रत्येक भुलभुलय्यात दर चौकाला चार वाटा फुटतात, हिऱ्यात कार्बनच्या अणूला चार बंध असतात तशाच रचनेत. म्हणून याला डी-पृष्ठ म्हणतात, डायमंडचं डी. श्वार्ट्सचंच दुसरं पृष्ठ पी: घनाच्या सहाही फलकांकडे एकेक नळी उघडते, चौकाला सहा वाटा. याच पिळलेल्या चौकोनावर रीमानही स्वतंत्रपणे काम करत होता. १८६६ मध्ये तो गेला, त्याचा निबंध पुढच्या वर्षी मागाहून छापला गेला.

श्वार्ट्स फक्त तारेवर विसंबला नाही. त्याचे गुरू वायरश्ट्रास यांनी संमिश्र संख्यांतून लघुतम पृष्ठ लिहायची रीत काढली होती. पृष्ठावर प्रत्येक बिंदूपाशी लंब कुठल्या दिशेला जातो ते पाहा. त्या दिशेचा गोलावरचा बिंदू एका संमिश्र संख्येनं दाखवता येतो. मग एक फलन निवडा, त्याचं संकलन करा, आणि बिंदूचे तिन्ही निर्देशक हातात येतात. डी-पृष्ठासाठी ते फलन म्हणजे एक भागिले एक वर्गमूळ. वर्गमुळाखाली एक, उणे चौदा गुणिले संख्येचा चौथा घात, अधिक आठवा घात. ही पदावली कुठे शून्य होते? आठ ठिकाणी, आणि ती आठ ठिकाणं गोलावर मांडली तर घनाचे आठ कोपरे मिळतात. तारेचा चौकोन आणि आठव्या घाताची पदावली एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत, हे पहिल्यांदा समजतं तेव्हा मन भरून येतं. मला आजही येतं.

पुढचा टप्पा शंभर वर्षांनी. मधल्या काळात, १८८३ मध्ये, श्वार्ट्सच्या फिनिश शिष्यानं, नेओविउसनं, आणखी एक पृष्ठ दिलं. त्यानंतर या दालनात फार थोड्यांनी पाऊल टाकलं. आणि मग १९६८ च्या सुमारास तुम्ही अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये येता, नासाच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्रात. ॲलन शोन पेशानं भौतिकशास्त्रज्ञ आहे, गणिती नाही. त्याच्या टेबलावर प्लॅस्टिकचे तुकडे पडलेले आहेत, एकाच साच्यातून काढलेले.

शोन पृष्ठाकडे बघत नाही, वाटांकडे बघतो. पी-पृष्ठाच्या भुलभुलय्यात चौकाला सहा वाटा, डी-पृष्ठात चार. मग दर चौकाला तीनच वाटा असलेलं, सगळ्या दिशांनी सारखं असं जाळं? स्फटिकशास्त्रज्ञांना ते ठाऊक होतं. त्याला डावा आणि उजवा असे दोन अवतार असतात, हातांसारखे. एक डावं जाळं आणि एक उजवं जाळं एकमेकांत गुंफलं, तर त्यांच्यामधून जाणारी भिंत लघुतम पृष्ठ असेल का?

इथं श्वार्ट्सचा नियम हात टेकतो. या भिंतीत एकही सरळ रेषा नाही आणि आरसा धरायलाही जागा नाही. तारेचा चौकोन कुठून आणणार? यासाठी बांगड्यांचा पडदा पुन्हा आठवा. कॅटेनॉइडला एका उभ्या रेघेवर चीर द्या. मग न ताणता, न आवळता तो पिळत न्या: तो हळूहळू उलगडत हेलिकॉइडचा एक वेढा होतो. वाटेतल्या प्रत्येक क्षणी तो लघुतमच राहतो आणि प्रत्येक बिंदूचा लंब मूळच्याच दिशेला राहतो. फ्रेंच गणिती बॉनेनं एकोणिसाव्या शतकात दाखवलेला हा पीळ एका कोनानं मोजतात. डी-पृष्ठाचा तुकडा असाच पिळत नेला तर नव्वद अंशांवर तो पी-पृष्ठाचा तुकडा होतो. मधल्या कोनांवर काय होतं? तुकडा लघुतम राहतो, पण त्याच्यापासून पुढे वाढवलेलं पृष्ठ स्वतःलाच छेदत सुटतं, भिंतीत भिंत घुसते.

अपवाद एक. ३८.०१४७७४० अंश. त्या कोनावर सगळे तुकडे एकमेकांना वाट देतात आणि शोनची भिंत उभी राहते. तिला त्यानं जायरॉइड नाव दिलं आणि १९७० मध्ये नासाच्या तांत्रिक अहवालात छापलं. हा कोन मोजून काढलेला नाही. लंबवर्तुळी संकलनांच्या दोन किमतींच्या गुणोत्तरातून, १.२७९ च्या आसपासच्या एका संख्येतून तो नेमका मिळतो. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. जायरॉइड स्वतःला कुठेही छेदत नाही हे कार्स्टन ग्रोसं-ब्राउकमान आणि माइनहार्ड वोल्गेमुट यांनी १९९६ मध्ये सिद्ध केलं, सव्वीस वर्षांनी. शोनच्या कामाचं मोल यामुळे कमी होत नाही. डोळ्यांपुढे एकही सरळ रेषा नसताना दोन जाळ्यांच्या मधली भिंत असणारच असा भरवसा धरणं, आणि ती हातानं बांधून दाखवणं, हे सिद्धतेइतकंच मोठं आहे असं मी मानतो. शिवाय ती भिंत प्रयोगशाळेत आधीच येऊन बसली होती. १९६७ मध्ये व्हित्तोरिओ लुझ्झाती आणि त्यांचे सहकारी स्ट्रॉन्शियमच्या साबणावर क्ष-किरण टाकत होते, आणि त्यांना चौकाला तीन वाटा असलेली अशीच दोन गुंतलेली जाळी दिसली. तुमच्या बाटलीतल्या साबणाच्या एका चुलतभावात.

शेवटचा प्रवास लांबचा आहे. सहा कोटी साठ लाख वर्षं मागे या, आणि जागा मात्र तेर-नळदुर्गाच्याच धाराशिव जिल्ह्याची. बालाघाटचे डोंगर अजून कोरले गेलेले नाहीत. पायाखाली लाव्हाचे थर एकावर एक साचत आहेत. पुढे धाराशिव लेणी याच काळ्या पाषाणात कोरली जातील. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा गोल असतो कारण आतला दाब भिंतीला एकाच बाजूला वाकवतो, मडक्याच्या पोटासारखाच. म्हणून तो लघुतम पृष्ठ नव्हे. खडक थंड होतो, बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. पुढच्या लाखो वर्षांत त्यांतून कोमट पाणी झिरपतं, खडकातली सिलिका, ॲल्युमिनियम, सोडियम विरघळवून आणतं आणि पोकळीच्या भिंतीवर ठेवून जातं. शेतात नांगराला लागणाऱ्या गारगोट्या अशा पोकळ्यांतल्याच. दख्खनच्या या बेसाल्टात अशीच झिओलाइट खनिजं तयार झाली, आणि त्यांत एक आहे ॲनाल्साइम, चोवीस फलकांचा पांढरा स्फटिक.

त्याच्या आत शिरा. सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू ऑक्सिजनच्या चार अणूंमध्ये बसलेला, असे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा जोडून चौकडी आणि षटकडी करत जातात, आणि त्यांच्यामधून वाटा जातात. १९८० च्या दशकात स्टेन अँडरसन आणि स्टीफन हाइड यांनी दाखवलं की सोडालाइटची जाळी पी-पृष्ठाला लगटून बसते, फॉजासाइटची डी-पृष्ठाला आणि ॲनाल्साइमची जायरॉइडला. स्फटिकांच्या सममितीचे एकूण २३० गट आहेत. आदर्श ॲनाल्साइमची सममिती यादीतल्या शेवटच्या, २३०व्या गटाची. जायरॉइडच्या दोन्ही बाजू सारख्या मानल्या तर त्याचीही तीच.

या जाळीचा मूळ तुकडा, ज्याच्या आवृत्तीनं सगळा स्फटिक होतो, तो एका बाजूनं १.३७ नॅनोमीटर आहे. एक सेंटिमीटर लांबीचा स्फटिक हातात घेतलात, तर त्याच्या एका काठावर तो तुकडा सुमारे ७३ लाख वेळा आलेला असतो.